लॅपटॉप चोरीला गेलेला नाही

नाव: बापू नारायण वर्तक, वय ६४ वर्षे, निवृत्त शिक्षक, नारळ-सुपारीची वाडी, रा. चौल, ता. अलिबाग, जि. रायगड.

ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व पत्नी कुमुद राहतो. आमचा एकुलता मुलगा विहंग, वय २७, हा दि. ९ मार्च रोजी मोटारसायकलच्या अपघातात वारला. मोबाईल त्याच्या खिशात होता, त्याचा चुरा झाला.

काल पत्नीने विहंगचा लॅपटॉप चोरीस गेल्याची तक्रार दिली व रेवदंड्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे विनेश यांच्यावर संशय घेतला. विनेशचा काही दोष नाही. माणूस सरळ आहे.

विहंग आपले सगळे पासवर्ड लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येच, एका कुलूपबंद पेटीत ठेवत असे. ते इंटरनेटवर कुठेही जात नसत. "आपल्या चाव्या आपल्याच घरात बऱ्या," म्हणायचा. पेटी उघडायचा एकच शब्द होता, तो त्याने आईकडून पाठ करून घेतला होता. तो शब्द कागदावर घेऊ नये, ही विनंती.

तेराव्याला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वस्तू देऊन टाकतात. छत्री, चपला, अंथरूण गुरुजींना दिले. लॅपटॉप पालीच्या माझ्या पुतणीला, अनुयाला, कॉलेजसाठी द्यायचे मी ठरवले. आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो विनेशकडे नेला. पोराचं खासगी कोणी वाचू नये, एवढंच डोक्यात होतं. त्याने विचारले, "काका, आतलं काय ठेवायचं हाय का? पुसलं की परत न्हाय येत." मी म्हणालो, "पूस सगळं." पस्तीस वर्षे वर्गातले फळे पुसले, त्यातलाच प्रकार वाटला. पत्नीला विचारले नाही. ती विचारण्याच्या स्थितीत नव्हती. खरे म्हणजे मीच नव्हतो.

जूनमध्ये ती म्हणाली, "लॅपटॉप काढा, मला शब्द पाठ आहे." ती भाकऱ्या थापत असताना विहंग तिच्याशी गप्पा मारत व्हिडिओ काढायचा. ते त्याच्या खात्यात आहेत आणि खात्याचा पासवर्ड त्या पेटीत. तिला त्याचा आवाज ऐकायचा होता. लॅपटॉप तर पुसून अनुयाकडे गेला होता; मी दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगितले. विनेशने महिनाभर नाना खटपटी केल्या, खाते उघडले नाही. पेटीची नक्कल दुसरीकडे कुठेच नव्हती. काकूंना बोलू नकोस, अशी गळ मीच त्याला घातली. ती दुकानात गेली तेव्हा तो मान खाली घालून गप्प बसला आणि तिच्या लेखी चोर ठरला.

विसरू नये म्हणून ती तो शब्द रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना म्हणते. आज एसटीत मला म्हणून दाखवला व विचारले, "बरोबर आहे ना हो?" मी बरोबर आहे म्हणालो.

वरील जबाब मी चष्मा लावून स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणेच उतरला आहे, खरा आहे. कुमुद बाहेर बाकावर बसली आहे. तिला तो साहेबांनी वाचून दाखवावा. माझ्याने होणार नाही.