पाय टेकण्याचं माप

...आणि वर तो सीटवाला मलाच विचारतो, "बाई, माप चुकलं कुठं?" आता तुम्हीच सांगा, मी काय सिंहासन मागितलं होतं? गाडी थांबली की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, एवढंच मागणं होतं माझं.

त्याचं असं झालं, लेक नोकरीला परगावी गेला आणि त्याची मोटरसायकल आमच्या दारात राहिली. मी दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुते, सकाळी सहाला हजर व्हावं लागतं आणि पहिली बस येते साडेसहाला. म्हणून आमचे हे सोडायला यायचे. हे बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त, पण पाय काही निवृत्त झाला नाही, बसथांबा दिसला की तो आपोआप ब्रेकवर जायचा. रिकाम्या थांब्यावरसुद्धा! रोज उशीर, रोज मुकादमणीची बोलणी. शेवटी बावन्नाव्या वर्षी मी स्वतः गाडी शिकले. चालवायला येते हो मला झकास, थांबवायलाच येत नाही, कारण थांबलं की नुसते चवडे टेकतात. चौकात दोनदा आडवी झाले. दुसऱ्यांदा यांनी जाहीर केलं, "अगं, आणखी एकदा पडलीस तर गाडी विकून टाकीन." म्हणजे परत यांच्या मागे बसायचं आणि थांबे मोजायचे. त्यापेक्षा मी चालत जाईन.

म्हणून गेले सीटवाल्याकडे. त्यानं कव्हर सोललं, आतला फोम पावाच्या लादीसारखा कापला, वर कव्हर ताणून ठोकलं. "बसा." बसले. पाय टेकले, खरंच टेकले, पण बाकीची मी कुठं गेले ते विचारा... गुडघे कानाशी, हँडल छातीशी, वळताना कोपर पोटात रुततंय, आणि बूड थेट पत्र्यावर. रस्त्यातला खडा चाकाखाली आला की मला दाढेत कळायचा. शिवाय त्या शहाण्यानं पुढं उतार ठेवलेला, ब्रेक दाबला की मी घसरून टाकीवर. चार दिवसांत अशी अवस्था की धुलाईघरात डबासुद्धा उभ्यानं खाल्ला. मुकादमण म्हणते, "बस की जरा." बस की म्हणे! पाय टेकावेत, एवढंच मागणं होतं माझं, त्यासाठी बाकीचं शरीर विकायला काढलं नव्हतं.

परत गेले. यावेळी हे सोबत आले, म्हणाले, "तुला फसवतात, मी बघतो." सीटवाला म्हणाला, फोम घट्ट घालू, उतार काढू आणि सीट पुढून अरुंद करू, म्हणजे मांड्या फाकत नाहीत, पाय सरळ खाली उतरतो. बोलला शहाण्यासारखं. मला गाडीवर बसवलं, आणि हे, कुणी न सांगता, मागं चढून बसले. का? तर "मागून नीट दिसतं." ब्याण्णव किलोचा माणूस! बसले आणि वरून सूचना, "थोडं कमी कर... थोडं राहू दे... आता बघ." मी पाय सोडले. टाचेपर्यंत टेकले. मला भरून आलं हो, खरं सांगते. सीटवाल्यानं खडूनं खूण केली, कापलं, शिवलं, काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी एकटी निघाले. चौकात थांबले, पाय खाली सोडला, आणि जमीन जागेवर नाही! चवड्यांवर नाचत, शेजारच्या टेम्पोला धरून उभी राहिले म्हणून वाचले. तशीच सीटवाल्याच्या दारात. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं, माझ्या मागं बघितलं. "साहेब कुठायत?"

"घरी. का?"

"बाई, माप तुमचं दोघांचं घेतलंय. ते बसले तेव्हा शॉकअप दबले, गाडी खाली गेली. ते उतरले, गाडी वर आली."

"मग काप आणखी."

"आता खाली पत्रा आहे."

मागं वाळूचं पोतं बांधून पाहिलं. पहिल्याच वळणाला ते एका बाजूला कलंडलं आणि मला पण घेऊन निघालं होतं. माणूस निदान वळणावर आपला आपण सावरतो.

म्हणून आता तुम्हाला सांगते, रोज सकाळी हे माझ्या मागं असतात. हँडल माझ्याकडे, ते मी देत नाही. पण माझी सीट खाली, त्यांची होती तिथंच, त्यामुळे त्यांना माझ्या डोक्यावरून सगळा रस्ता दिसतो आणि दिसला की बोलतात. "डावीकडं घे. हळू. थांबा आला." मागं वजन असल्यानं गाडी वळायला जडच जाते, तर म्हणतात, "बस अशीच वळते." मला दवाखान्याच्या दारात सोडून हे बसनं घरी, संध्याकाळी बसनं परत, माझ्या मागं बसायला. मुकादमण म्हणते, "किती गं जीव तुझ्यावर." जीव कसला, वजन आहे ते. पाय टेकावेत, एवढंच मागणं होतं माझं.

काल हे दवाखान्यात तब्येत तपासून घेऊन आले. जेवायला बसताना म्हणाले, "अगं, डॉक्टर म्हणतायत दहा किलो उतरवा."

मी भाताचं पातेलं पुढं ओढलं. त्यांच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.