साडेचारशे वॅटचा पॉवर सप्लाय

सांतो दोमिंगोतल्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात, रांगेत नेरेइदाबाईंच्या पुढे एव्हारिस्ता आणि तिचा धाकटा भाऊ लिओन्सिओ उभे होते. चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईही पॉवर सप्लायच घ्यायला आल्या होत्या; त्यांना दोघांचे बोलणे ऐकावेच लागले.

“ताई, आठशे वॅटचाच पॉवर सप्लाय घे. टाकी मोठी असली की नळ गेल्यावर पाणी जास्त पुरतं ना, तसंच.”

“मागचाही तूच निवडला होतास. वीज गेली की घरचा इन्व्हर्टर लागेपर्यंत कॉम्प्युटर बंद! दर वेळी भाषांतर अर्ध्यात तुटतं. शुक्रवारी ते पोचलं नाही, तर कंपनी मला काढणार आहे.”

“म्हणून तर मोठा म्हणतोय. मागचा सहाशेचाच होता.”

“भाऊ, तुम्ही काय म्हणता?” एव्हारिस्ताने दुकानदाराला विचारले.

“गिऱ्हाइकं मोठाच नेतात, बाई,” दुकानदार म्हणाला.

नेरेइदाबाईंनी तोंड उघडले, तेवढ्यात वीज गेली. दिवे विझले आणि क्षणात इन्व्हर्टरवर पुन्हा लागले. गल्ल्यावरचा कॉम्प्युटर मात्र चालूच राहिला होता.

“भाऊ, ह्याच्यात कितीचा आहे?” एव्हारिस्ताने त्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवले.

“ह्याच्यात? साडेचारशेचा. पण चांगल्यातला.”

“तोच द्या.”

“ताई, अगं, जवळजवळ निम्मा आकडा!”

“बंद पडला का? नाही ना? मग गप्प बस.”

दोघे खोके घेऊन गेले. नेरेइदाबाई पुढे सरकल्या.

“तुम्हालाही तोच देऊ, बाई?”

“दे. पण वीज आली की मेन स्विच चारदा पाडून दाखव. एकदा जमलं, ह्याला मी पुरावा म्हणत नाही. थांबते मी.”