ऑइल फिल्टरवरचा लाल टिपका

नको, खुर्ची नको मला. उभीच बरी. बसलं की बॉनेटच्या आतलं काही दिसत नाही, आणि तुम्हा मिस्त्री लोकांना तेच हवं असतं — राग मानू नका, तुमची माझी ओळखच मुळी दहा मिनिटांची, तुमच्याबद्दल कसं म्हणेन? पण बाई पिकअप चालवत आली की गॅरेजवाल्यांचे चेहरे कसे होतात ते तेरा वर्षं बघतेय मी. म्हणून आधीच सांगते, या गाडीत चार फिल्टर आहेत. इंजिनात जाणारी हवा गाळणारा एक, ऑइलचा एक, डिझेलचा एक, आणि चौथा त्या डॅशबोर्डच्या खणामागे, एसीच्या हवेचा — त्याचं नाव कुणी काढत नाही, कारण गिऱ्हाइकाला तो माहीतच नसतो. मला माहीत आहे. चारही नवे माझ्यासमोर खोक्यातून काढायचे आणि जुने इथे फडक्यावर मांडायचे. हसलात का? नाही? मग ठीक.

हां, क्लिपा काढल्यात. बघा, हवेच्या फिल्टरवर केवढा कापूस! गाद्या वाहते ना मी, कारखान्यातून दुकानात, दुकानातून लोकांच्या घरी — अहो, झटकताय कशाला? हवा मारून तोच परत बसवायचा बेत असेल तर — नाही ना? ठेवा मग फडक्यावर. मला सगळ्या युक्त्या कळतात आता. आधी नव्हत्या कळत. आधी डोळे मिटून चावी द्यायचे आणि समोर चहा पीत बसायचे.

कुणाकडे म्हणजे? सख्ख्या भावाकडे. पाण्याच्या टाकीमागे त्याचं गॅरेज आहे, तुम्ही ओळखतही असाल, पण मी नाव सांगणार नाही, आपलं माणूस आहे शेवटी. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. आई कामाला जायची तेव्हा त्याला भरवायचं, न्हाऊ घालायचं, शाळेत ओढत न्यायचं, सगळं मी. आणि त्यानेच मला — जाऊ दे. नाही, ऐकाच तुम्ही, म्हणजे तुम्हालाही कळेल माझ्याशी गाठ आहे ते.

झालं काय, टायरवाला एकदा म्हणाला, ताई, गॅरेजवाले फिल्टर बदलतच नाहीत, पुसून परत लावतात. मी म्हटलं, माझा भाऊ तसा नाही. तो नुसता हसला. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं बघा. मग मी काय केलं — गाडी भावाकडे सोडण्याआधी नेलपॉलिश घेतलं आणि ऑइल फिल्टरवर, खाली तो काळा डबा दिसतो ना, त्यावर एक लाल टिपका दिला. बारीक, मसुरीएवढा. संध्याकाळी गाडी परत घेताना म्हणाला, ताई, चारही बदलले. मी तिथेच वाकून पाहिलं. टिपका जसाच्या तसा! डोक्यात तिडीक गेली हो. गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर म्हटलं, बहिणीला फसवतोस, लोकांना तर विकूनच खात असशील. तो काही बोलला नाही. गप्प. चोर काय बोलणार?

आठ महिने झाले. माझी तक्रार नाही. भाचीचं लग्न ठरलंय, या रविवारी, तेही मला गादीच्या दुकानातून कळलं — नवरीसाठी डबलबेडची गादी पोचवायची म्हणून पत्ता दिला, बघते तर आमचंच घर. सख्खी आत्या मी, आणि मला आमंत्रण नाही. मी तरी कशाला जाऊ? गादी दुसऱ्या गाडीने पाठवा म्हटलं. मला काही वाटत नाही. खरंच नाही. माझं चुकलं असतं तर गोष्ट वेगळी.

आता ऑइलचा? काढा, मी बघतेच आहे. अहो — अहो, हे काय, बूडच फिरवून काढलंत? फिल्टर काढा म्हटलं, अख्खा. आतून काय ओढताय ते, कागदाचं? हाच? हाच फिल्टर? मग हा काळा डबा कसला? नुसतं भांडं? दर वेळी तेच राहतं? म्हणजे आतला कागद बदलला तरी बाहेरून — थांबा. थांबा जरा. सगळ्या गाड्यांत असंच असतं? काहींत अख्खा डबा बदलतात? आणि या गाडीत नाही. कधीच नाही.

द्या इकडे. माखू देत हात. या कागदावरच्या पत्र्याच्या टोपीवर काहीतरी ओरखडलंय. खिळ्याने. तारीख आहे ना ही? माझ्या डोळ्यांसमोर जरा — तुम्ही वाचा. हो. तोच दिवस. मला ठाऊक आहे, सांगू नका. आणि पुढे किलोमीटर. अक्षर त्याचंच, असं गिचमिड. आत कुणाला दिसणार होतं हे? कुणाला दाखवायला लिहिलं त्याने?

बोलला होता तो. मघाशी मी म्हटलं ना, गप्प होता — नव्हता. हातातला पाना उचलून म्हणाला, ताई, एक मिनिट थांब, खोलून दाखवतो. मीच म्हटलं, माझ्या गाडीला पुन्हा हात लावू नकोस. सगळ्यांसमोर म्हटलं.

नवा बसवा. नाही, खोकं नका दाखवू मला. तो एसीचा राहू द्या, पुन्हा कधीतरी. आज गुरुवार ना? कुठे जायचंय ते तुम्हाला काय करायचंय? तुम्ही झाकण लावा. लावा म्हणते ना — आणि जरा तिकडे तोंड करा.