मावशींचा चार नंबर

दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारच्या मावशींकडे चार नंबर होता, पलीकडच्या टायवाल्याकडे नऊ.

"मावशी, जरा अ‍ॅडजस्ट करा ना. मला घाई आहे," टायवाला म्हणाला.

"सासू अ‍ॅडजस्ट कर म्हणाली, तेव्हा सगळ्यांच्या मागून जेवले. साहेब म्हणाला, तेव्हा रजा बुडाली. शिंपी म्हणाला, तेव्हा तर श्वासच कोंडला! तुमचा अर्थ कोणता?"

"तुमचा नंबर मला, माझा तुम्हाला."

"म्हणजे अ‍ॅडजस्टची थोरली बहीण, अ‍ॅडजस्टमेंट! घ्या."

"उपकार झाले, मावशी."

आतून नर्स ओरडली, "चार नंबर! दाढ उपटायची ना? या, सुई तयार आहे."

"अहो, मला नुसते दात साफ करायचेत!"

मावशींनी सुजलेला गाल धरला.

"मग करा की जरा अ‍ॅडजस्ट!"