पान एकोणतीस

"हॅलो?… हो, बोला… हो, नंबर बरोबर आहे, पण हे ऑफिस नाही. घर आहे… काय?… कुठली पुस्तिका?… अहो, जरा सावकाश…"

श्यामराव लिमयांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. ऐकायला चष्मा लागत नाही हे त्यांना माहीत होतं, पण सरकारी नोकरीतली सवय.

"'सुलभ वराहपालन'?… मागच्या पानावर? 'अधिक माहितीसाठी संपर्क'… हो, हो. तोच हा नंबर… पण आता आठ आकडी झालेत हो नंबर… आधी दोन लावला? तुमच्या डोक्यानं?… हुशार आहात."

ही पुस्तिका १९९८ साली निघाली. त्या वेळी श्यामराव पशुसंवर्धनाच्या कचेरीत प्रसिद्धीच्या टेबलावर होते. कचेरी दुसऱ्या इमारतीत जायची होती, नवा फोन यायचा होता, म्हणून त्यांनी तात्पुरता घरचा नंबर छापला. सत्तावीस वर्षांत कुणाचाही फोन आला नाही. पुस्तिका नावाप्रमाणे खरंच सुलभ झाली असावी, असा त्यांनी याचा अर्थ लावला होता.

"आपण कोण?… भाग्यश्री. लोणी काळभोरहून… हो, ऐकतोय… लाडी व्यायला झालीय. बरं. लाडी कोण?… डुकरीण. हो, बरोबर, मी मूर्खासारखं विचारलं… काय अडलंय?… पिल्लू अडलंय… मग अनुक्रमणिकेत बघा ना, 'पिल्लू अडल्यास काय करावे', पान…"

इथे श्यामराव थांबले.

"…पान एकोणतीस. हो. आणि पान एकोणतीसवर काय आहे?… मंत्री आहेत. हात जोडून… हो, 'शुभसंदेश'… नाही हो, खाली काही बारीक अक्षरात नाहीये. त्यांची सही आहे ती… नाही, त्यांना फोन करून काय विचारणार? त्यांचं खातंसुद्धा बदललं त्याच वर्षी."

झालं होतं असं, की पुस्तिका छापत आली आणि मंत्रिमहोदयांचा संदेश पोचला. सुरुवातीची पानं छापून झाली होती, शेवटच्या फर्म्यातलं, म्हणजे एकत्र छापायच्या शेवटच्या पानांतलं, एखादं पान तेवढं काढता येत होतं. श्यामरावांनी फर्मा चाळला. पान एकोणतीसवर एकही आकृती नव्हती, तक्ता नव्हता. ते गेल्यानं पुस्तिकेची शोभा जाणार नव्हती. अनुक्रमणिका मात्र छापून झालेली होती. ती तशीच राहिली.

"छपाईतली चूक आहे ती… हो, होतं असं कधी कधी… बरं, ते सोडा. कधीपासून कळा देतेय?… सहाला पहिलं पिल्लू झालं. साडेसातपर्यंत चार… आणि त्यानंतर?… नुसत्या कळा."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

"डॉक्टरांना फोन केलात?… लागत नाही… कुणी सांगितलं?… प्रशिक्षणाला गेलेत. कसलं प्रशिक्षण?… 'तातडीची पशुसेवा'. बरं… नाही, हसत नाहीये मी. मला खोकला आहे… घरात कोण आहे तुमच्या?… संतोष कोण, यजमान? त्यांना बोलवा… कंपनीत. फोन गेटवर जमा करतात… हो, करतात हल्ली. शेजारीपाजारी?… डुकराला हात लावत नाहीत. हं."

श्यामरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं. या हातानं डुकरांवर एक पुस्तिका, दोन घडीपत्रिका आणि आकाशवाणीसाठी सहा संभाषणं मार्गी लावली होती. डुक्कर त्यांनी जवळून पाहिलं होतं ते मंडईमागे, तेही नाकाला रुमाल लावून.

"आणि ती चार पिल्लं? कशी आहेत?… दूध पितायत का?… एक पितंय. बाकीची तीन?… गार पडली. गार म्हणजे… अच्छा… अच्छा. अहो, पण बल्ब? पान बावीस. 'पिल्लांच्या कोपऱ्यात शंभर वॅटचा बल्ब टांगावा.'… टांगला होता? मग?… कसला बल्ब?… खोक्यावर काय लिहिलंय?… 'शंभर वॅटइतका उजेड'… अहो, तो एलईडी. हात लावून बघा त्याला… गार आहे ना? उजेड नको होता हो पिल्लांना, ऊब हवी होती…"

श्यामरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नाही. नाही, भाग्यश्रीताई, चूक तुमची नाही. तुम्ही पुस्तिकेत लिहिलं तेच केलंत. तेव्हा एकच बल्ब असायचा हो, हात लावला की चटका देणारा. आता तो आमच्या इथे बुधवार पेठेतल्या विजेच्या दुकानांतसुद्धा शोधावा लागतो… अहो, रडू नका. रडू नका, ऐका…"

स्वयंपाकघराच्या दारात मंदाकिनीबाई येऊन उभ्या होत्या. हातातली मेथीची जुडी तशीच होती.

"तिला म्हणावं," त्या म्हणाल्या, "गरम पाणी बाटलीत भरून फडक्यात गुंडाळ, आणि पिल्लू त्याला टेकवून ठेव. आपल्या नातीला, स्वरालीला मी तशीच वाढवली, आठव्या महिन्यात झालेली."

"हॅलो, ऐका. आमच्या घरातून सांगतायत, गरम पाण्याची बाटली… हो, पाण्याचीच, थंड पेयाची असते ती प्लास्टिकची चालेल. फडक्यात गुंडाळून… हो, त्या चौथ्याला. आणि ओल्या अंगाचं ठेवू नका, पुसा… नाही, पुस्तिकेत नाही हे. पुस्तिकेत असतं तर बरं झालं असतं."

पुस्तिकेच्या बत्तीस पानांच्या बाहेरचा, त्या सकाळचा पहिला उपयोगी सल्ला मेथी निवडणाऱ्या बाईकडून आला होता. श्यामरावांनी त्याची नोंद घेतली.

"हो, आहे, आहे लाइनवर… काय?… मी? नाही हो, मी काय येऊन करणार? मी स्वारगेटला जाऊन बस पकडेपर्यंतच… आणि आलो तरी… खरं सांगू? मी कधी डुकराला हात लावलेला नाही… पुस्तिका मी लिहिली नाही. मी काढली. लिहिली डॉक्टर जाचकांनी. हिंमतराव जाचक… ते वारले. नाहीतर गाडी काढून आले असते… लाडी काय करतेय आता?… पडून आहे. श्वास?… जोरात. बरं… लहानपणापासून तुमच्याकडे आहे? बाटलीनं वाढवलीत… अगं, मग तिला तुझा हात चालेल. ऐक ना… अगं ऐक. ते पान छपाईच्या चुकीनं नाही गेलं. मी काढलं. मंत्र्यांना जागा हवी होती म्हणून मी काढलं ते… हो… हो, बोल, बोल काय बोलायचं ते."

भाग्यश्री बोलली. श्यामराव उभे राहून ऐकत होते. इतकी वर्षं त्यांनी लोकांना नावं ठेवली होती, ऐकून घ्यायचा सराव नव्हता.

"…बरोबर आहे तुझं. पण आता ऐक. जाचकांच्या हातचं मूळ लिखाण माझ्याकडे असणार. मी कागद टाकत नाही. फोन ठेवू नकोस… आमचा फोन वायरचा आहे, मला बाजूला ठेवूनच जावं लागेल. ठेवू नकोस हं."

रिसीव्हर टेबलावर आडवा झाला. दिवाणाचा पलंगपोस गेला, गादी गेली, फळी उघडली. आत पाहुण्यांच्या रजया, मुलाची, आमोदची, शाळेतली प्रगतिपुस्तकं, बंद पडलेल्या मिक्सरची तीन भांडी. "मी सांगत होते दिवाळीत आवरा म्हणून," असं मंदाकिनीबाई म्हणाल्या नाहीत. त्या गुडघे टेकून बसल्या आणि गठ्ठे काढू लागल्या. सुतळीनं बांधलेला पाचवा गठ्ठा 'वराह' होता.

पान एकोणतीस जाचकांच्या मोठ्या, घाईच्या अक्षरात होतं. त्यावर लाल पेन्सिलीची तिरकी रेघ, आणि समासात श्यामरावांच्या सुबक अक्षरात शेरा होता: 'जागा नाही.'

"हॅलो?… आहेस ना?… सापडलं. फोन स्पीकरवर टाक आणि भिंतीला टेकवून ठेव. दोन्ही हात लागतील… ठेवलास? वाचतो. 'नखे कापावीत.'… कापायला वेळ नसेल तर दातानं कुरतड. मग कोपरापर्यंत साबण… चुडा काढ. हो, सगळा… झालं? 'हाताला तेल लावावे.' गोडेतेल चालेल. भरपूर लाव… आता हाताची चोच कर. पाचही बोटं एकत्र. 'कळ ओसरली की हात पुढे न्यावा, कळ आली की थांबावे.'… सावकाश. जोर करायचा नाही… काय लागतंय?… मऊ… पाय का? मागचे पाय. दोन्ही?… बरं, इथे लिहिलंय, 'पायही चालतात.' असंच लिहिलंय त्यांनी, 'पायही चालतात.' दोन्ही पाय बोटांत धर आणि तिच्या कळेबरोबर ओढ, तिच्या शेपटीखालून आपल्याकडे आणि जरा खाली…"

ते वाचत असताना मंदाकिनीबाईंनी त्यांच्या खांद्यावरून कागदावर बोट टेकवलं. सर्वांत खाली, अधोरेखित केलेली एक ओळ होती. 'हे कळा सुरू असता तासाभरात करावे. तीन तास लोटल्यास आतील पिल्ले व बहुधा माताही हाती लागत नाही.'

श्यामरावांनी ती वाचली. मग घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

"…काय?… पुढे काय लिहिलंय?… नाही, एवढंच आहे. पान संपलं."

मंदाकिनीबाईंनी बोट उचललं.

"आलं?… निघालं? नाक पुस त्याचं. तोंडातलं चिकट काढ, छाती चोळ… चोळत राहा… नाही? बरं. बाजूला ठेव. अजून आहे का आत?… आणखी एक. ते पण घे… हो… हो, कळतंय मला… बाजूला ठेव… भाग्यश्री, लाडीकडे बघ. लाडी कशी आहे?… नाक फडफडतंय?… डोळ्यापाशी बोट ने… बोट नेल्यावर पापणी मिटतेय?… परत एकदा नेऊन बघ."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. श्यामरावांनी खिडकी लावायला सांगण्यासाठी हात केला आणि तो तसाच खाली घेतला.

"…हो. हो गं… नाही, तू उशीर केला नाहीस. तुझ्याकडे पान नव्हतं… ते चौथं कुठे आहे? बाटलीशी?… हलतंय? आवाज करतंय?… मग ऊठ. ऊठ बाळ, आधी ऊठ. पान तेवीस, हे छापलेलं आहे, तुझ्याकडेही आहे: 'पहिल्या काही तासांत आईचा चीक पोटभर गेलाच पाहिजे.'… माहितीये मला ती गेलीय. अजून गरम आहे ना? मग लाव त्याला. पुढच्या सडांना लाव, हातानं पिळ… काय म्हणालीस? पाप? कसलं पाप? तिचंच दूध, तिचंच पिल्लू… लाव. गार व्हायच्या आत लाव… येतंय का?… हॅलो? येतंय का दूध?… धरलं का त्यानं?… हॅलो?… भाग्यश्री?… हॅलो?"

श्यामरावांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला.

"काय झालं?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"तिची बॅटरी संपली असेल."

"तुम्ही नंबर घेतलात तिचा?"

त्यांच्या फोनवर पलीकडचा नंबर दिसत नाही. त्या सोयीसाठी अर्ज करायचा होता, तो त्यांनी केला नव्हता, कारण फोन कुणाचा येतो?

श्यामरावांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, उचलून टोन आहे ना ऐकलं, पुन्हा ठेवला. ताट वाढलं तेव्हा त्यांनी ते फोनपाशी मागितलं. मेथीची भाजी होती. मंदाकिनीबाई त्यांच्यासमोर दिवाणाच्या गादी न घातलेल्या फळीवर आपलं ताट घेऊन बसल्या आणि दोघं, तोंडाचा आवाज होऊ न देता, जेवू लागली.