देवाखालचं खोकं

हसा तुमी, पण कंपनीनं बनवणं बंद केलेले व्हॅक्यूम क्लीनर जमवायचा मले नाद आहे. गुडीहत्नूरच्या एका डीलरकडं असाच एक सीलबंद दिसला. त्याच्या खोक्यावर शेठनं देवाचा फोटो मांडला होता.

"हे इकता काय?"

"मंग देव कुठी ठेवू? तेवढ्याच उंचीचं खोकं द्या. भरलेलं पायजे, देवाखाली रिकामं नाई चालत."

तेवढ्या उंचीचं फक्त त्याच्याच दुकानातलं नवं मॉडेल निघालं. घेतलं. शेठनं नारळ फोडला, देव नव्यावर बसवले अन् जुनं मले देल्लं.

यंदा कंपनीनं ते नवंही बनवणं बंद केलं. मी परत गेलो.

मले दारात पायल्याबरोबर शेठनं नारळ काढला.