पान चौदाचा समास

काका : मग काढून टाका की रद्दीत! एवढं विचारायला दोन जिने चढून आलात?

ग्रंथपाल : संपादक तुम्ही होतात, काका. तुम्हाला न सांगता कसं टाकू? ‘घरचा आवाज’चे नऊ वर्षांचे खंड आमच्या वाचनालयात आहेत. पण बारा वर्षं नवा अंक आला नाही, तर मासिक बंद समजून सगळा संच काढायचा, असा नियम आहे. ती बारा वर्षं या महिनाअखेरीस भरतायत.

काका : चांगला नियम आहे. पाळा.

काकू : अहो, त्यांना आधी बसू तरी द्या. ती पिशवी द्या इकडे, ग्रंथपालबाई. अगंबाई, केवढी जड! दगडबिगड घेऊन फिरता की काय?

ग्रंथपाल : सांभाळून, काकू! त्यात शेवटचा खंड आहे, एक छोटा स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर. मी केलाय.

काका : तुम्ही?

ग्रंथपाल : मी. दुपारी वाचनालयात चिटपाखरूही नसतं. एकदा धूळ झटकता झटकता तुमचा अंक उघडला आणि तिथंच फतकल मारून वाचत बसले. ‘सोल्डरिंगची भीती कशाला?’ हा लेख तर तीनदा वाचला. तरी दोनदा बोट भाजलं.

काका : तीनदा वाचून दोनदाच भाजलं? मग तुम्ही हुशार आहात. कुठल्या अंकातला केलात?

ग्रंथपाल : शेवटच्या. पान चौदा.

काका : पान चौदा? अहो बाई, तो लावू नका! दूर व्हा! त्या आकृतीत मोठ्या कॅपॅसिटरच्या अधिक-उण्याच्या खुणा उलट्या छापल्यात. तसा जोडला की तो फुगतो आणि फाट्‌कन फुटतो. सतरा जणांची पत्रं आली होती. एकाच्या चष्म्याची काच फुटली, डोळा वाचला तो केवळ नशिबानं. मी सगळ्या वर्गणीदारांना कार्डं टाकली आणि मासिकाचं दुकान बंद केलं.

ग्रंथपाल : ठाऊक आहे. हा प्लग लावला, हा स्पीकर, हा माझा मोबाइल जोडला. काकू, ते बटण दाबता का?

काका : ए, हात लावू नकोस!

(बटण दाबल्याचा आवाज. मग खोलीभर बासरी.)

काका : वाजतोय... खरखर नाही, गुणगुण नाही. हे कसं झालं?

ग्रंथपाल : पान चौदाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘खुणा उलट्या आहेत. अधिक वर, उणे खाली, असंच जोडा.’ वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, ही पाटी मीच रंगवलीय बरं का. पण या माणसाला दंड करायचं सोडून त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आणि तो एकटाच नाही. खाली वेगवेगळ्या अक्षरांत पानभर लिहिलंय.

काका : काय लिहिलंय?

ग्रंथपाल : ‘आभारी आहे, वेळेवर वाचलं.’ मग, ‘ट्रान्सफॉर्मर एक नंबर मोठा घ्या, तापत नाही.’ मग, ‘पुढचा अंक कधी?’ त्याखाली, ‘मीही वाट बघतोय.’ आणि सगळ्यात शेवटी, ‘मीसुद्धा. चष्मा नवीन घेतलाय.’

काका : चष्मेवाला? बघू, बघू इकडे. तोच! त्याचं पत्र मला अजून पाठ आहे, हाच वाकडा ‘च’. हा वाट बघतोय? माझी?

काकू : मी पाणी आणते हं.

काका : थांब. हे पहिलं अक्षर. आणि हा बाण. असा भरीव टोकाचा बाण काढणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. बस खाली.

काकू : बसते. मीच गेले होते वाचनालयात, पेन्सिल घेऊन. तुम्ही कार्डं टाकलीत ती वर्गणीदारांना. वाचनालयाची प्रत भेट जायची, ती यादीत नव्हतीच. तुम्ही दार लावून बसला होतात, तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. नऊ वर्षं सगळ्या आकृत्या मी काढल्या. कॅपॅसिटरचा तो तुकडा कापला आणि खालचं वर करून चिकटवला. अधिक अन् उणे, दोन्ही उलटे धरले तरी तसेच दिसतात. कळलंच नाही हो मला.

काका : तपासायचं काम माझं होतं.

काकू : पण एका शब्दानं बोलला नाहीत! रागावला असतात तरी चाललं असतं. मला बारा वर्षं वाटतंय, माझ्या हातावरचा तुमचा विश्वास उडाला, म्हणून बंद केलंत.

काका : तुझ्या हातावरचा? अगं, लोक पत्रांत विचारत होते, आकृती काढली कुणी? पुढच्या अंकात उत्तर द्यावं लागलं असतं. मला तुझ्याकडे बोट दाखवायचं नव्हतं. म्हणून पुढचा अंकच नको म्हटलं.

काकू : आणि हे मला आज सांगताय! धन्य आहे तुमची.

ग्रंथपाल : काका, मधेच बोलते, माफ करा. नवा अंक किती पानांचा हवा, हे आमच्या नियमात कुठंच लिहिलेलं नाही. अकरा दिवस आहेत अजून.

काका : एका पानाचा अंक काढू? लोक हसतील.

ग्रंथपाल : चष्मेवाले हसणार नाहीत.

काका : अगं, तुझं ते शाईचं पेन... बारा वर्षांत वाळून खडखडीत झालं असेल.

काकू : दर महिन्याला धुऊन ठेवते मी. हे काय, खणातच आहे.

काका : दर महिन्याला? ...बरं. घे लिहून. ‘शुद्धिपत्र. मागील अंकात पान चौदावरची आकृती आमच्याकडून चुकली.’

काकू : आमच्याकडून?

काका : आमच्याकडून. लिही. आणि खाली आकृती काढ, नव्यानं.

काकू : काढते... झाली. आता हा कॅपॅसिटरचा तुकडा. बघा, बरोबर आहे?

काका : बरोबरच असणार.

काकू : न बघता बोलू नका. चष्मा लावा आणि नीट बघा.

काका : बघतोय. अधिक वर, उणे खाली. चिकटव.